‘पैसे मिळवत नाही, मग कसला कॉपीराइट?’ या फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज सध्या लई फिरतोय. जुन्या कोल्हापूरचे फोटो, खासबागच्या कुस्त्या, जुनी गाणी, पेठांचा इतिहास असल्या हौशी वेबसाइट चालवणारी जी मंडळी आहेत त्यांच्या ग्रुपात तर कोण ना कोण टाकतंयच. मेसेज थोडक्यात असा: साइटवरून पैसे मिळत नसतील तर कॉपीराइट कायदा लागत नाही, हौशी लोकांना सूट आहे, नाव दिलं आणि खाली ‘नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड’ (म्हणजे कॉपीराइट मोडायचा हेतू नाही) लिहिलं की झालं, तीस सेकंदांपर्यंतचं गाणं चालतं, नोंदणी नसेल तर हक्क नाही, लेखक वारला की सगळं मोकळं, आणि फार तर फार काय, काढायला सांगतील. शेवटी ऐटीत लिहिलंय, ‘कलम ५२ वाचा’. वाचलं ओ. लिहिणाऱ्यानं पण वाचायचं होतं.

पैसे मिळत नाहीत म्हणजे कायदा लागत नाही

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १४ मध्ये मालकाचे हक्क दिलेत, कॉपी काढणं, लोकांपर्यंत पोचवणं, भाषांतर, रूपांतर वगैरे. कलम ५१ सांगतं की यातलं काहीही परवानगीशिवाय केलं की उल्लंघन. तिथं ‘नफ्यासाठी केलं तरच’ असं कुठं नाही. नफ्याचा, धंद्याचा विषय त्याच कलमात येतो पण तो दुसऱ्या कामांसाठी, म्हणजे कोणी आपली जागा असल्या कार्यक्रमाला पैसे घेऊन दिली किंवा चोरीच्या प्रती विकायला ठेवल्या तर.

मग पैशाचा काही संबंधच नाही का? आहे की, पण शिक्षेच्या टप्प्यावर. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि त्याच कलमात पुढं म्हटलंय की धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट खास कारणं नोंदवून सहा महिन्यांपेक्षा कमी कैद किंवा ५० हजारांपेक्षा कमी दंड देऊ शकतं. म्हणजे हौस ही सूट मागायला कामाला येते, सुटका करायला नाही. आणि सूटसुद्धा ‘देऊ शकतं’, द्यायलाच पाहिजे असं नाही.

याला जोडूनच एकजण म्हणाला की आमची साइट दिवसाला चार टाळकी बघतात, त्याला काय प्रसिद्ध करणं म्हणायचं काय. कायद्याची व्याख्या बघा, लोकांना बघता-ऐकता येईल असं उपलब्ध करून दिलं की झालं, प्रत्यक्षात कोणी बघितलं का नाही याच्याशी देणंघेणं नाही.

हौशी लोकांना सूट आहे

मला वाटतं सगळ्या गोंधळाचं मूळ हे आहे, कारण यात थोडं खरं आहे. कलम ५२ मध्ये, म्हणजे काय केलं तर उल्लंघन होत नाही त्या यादीत, हौशी मंडळासाठी खरोखर एक पोटकलम आहे. हौशी क्लबनं किंवा संस्थेनं नाटक, गाणं, वाचन असलं काही फुकट प्रेक्षकांसमोर किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी सादर केलं तर ते उल्लंघन होत नाही. म्हणजे तुमच्या मंडळानं गणपतीत तिकीट न लावता एकांकिका केली, शाहू स्मारकला फुकट प्रवेश ठेवून कवितावाचन केलं, तर तेवढ्या प्रयोगाला संरक्षण आहे. पण ते संरक्षण प्रयोगाला आहे! त्याच प्रयोगाचं मोबाइलवर शूटिंग करून सगळी एकांकिका साइटवर चढवली तर ती वेगळी गोष्ट झाली, आता तुम्ही कॉपी काढली आणि कायमची सगळ्यांना उघडी करून ठेवली. ‘हौशी’ हा शब्द तिथनं उचलला आणि वेबसाइटला चिकटवला असं झालेलं दिसतंय.

कलम ५२ मध्ये बाकी जे आहे ते पण ठरावीक आहे. स्वतःच्या खाजगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी, टीका किंवा परीक्षणासाठी, चालू घडामोडींच्या बातमीसाठी, एवढ्याच कामांना वाजवी वापराची मुभा. अमेरिकेत फेअर यूज म्हणतात तो मोकळा आहे, कोर्ट चार मुद्दे लावून कुठल्याही वापराचा विचार करतं, आणि तिथं ‘नफ्यासाठी नव्हतं’ हा एका मुद्द्याचा भाग आहे. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून आपल्याकडं तेच चालतं असं समजायचं नाही. आणि खाजगी वापर म्हणजे खाजगी, वेबसाइट जगाला उघडी असते.

परीक्षणाची मुभा मात्र खरीखुरी आहे आणि लोक ती वापरतच नाहीत. जुन्या सिनेमावर लिहिताय, एका प्रसंगावर तुम्हाला काय म्हणायचंय ते लिहिलंय आणि त्यासाठी लागणारी एक-दोन चित्रं घेतलीत, तर तुमच्याकडं सांगायला काहीतरी आहे. नुसती चाळीस चित्रं लावून खाली ‘काय दिवस होते’ लिहिलं तर ते परीक्षण नव्हे.

नाव दिलं की झालं, खाली ओळ टाकली की झालं

मिसळ खाऊन बिल न देता ‘कट झकास होता’ म्हणून निघालात तर मालक काय म्हणेल? नाव देणं ही लेखकाची वेगळी मागणी आहे, कलम ५७ मध्ये, आणि परवानगी ही वेगळी. आणि ती इंग्रजी ओळ तर उलट अंगलट येते, कारण माल दुसऱ्याचा आहे हे तुम्हाला माहीत होतं याचा पुरावा तुम्हीच लिहून देताय. खरोखर माहीत नव्हतं आणि कळायला काही कारणही नव्हतं असं दाखवता आलं तर कलम ५५ मध्ये दिवाणी दाव्यात नुकसानभरपाईतनं बचाव आहे. तो बचाव त्या एका ओळीनं गेला.

फोटोंच्या बाबतीत आपल्याकडं याच्याही पुढची गंमत चालते. जुना स्टुडिओ फोटो बघा, जाड पुठ्ठ्यावर डकवलेला, उजव्या कोपऱ्यात खाली स्टुडिओच्या नावाचा उठाव शिक्का. स्कॅन करताना नेमका तेवढा कोपरा कापायचा आणि वर आपल्या साइटचा वॉटरमार्क मारायचा! नाव काढून टाकणं हा कलम ६५ बी खाली जाणूनबुजून केला तर स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो, दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. आता उलटी बाजू. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ज्यानं पैसे दिले तो. म्हणजे आजोबांनी स्टुडिओत जाऊन काढून घेतलेला फोटो तुमच्या घरच्यांचा, तो लावा बिनधास्त, पण शिक्का ठेवा की तेवढा, त्या माणसानं काढलाय. कुस्तीच्या मैदानात पेपरच्या नोकरीतल्या फोटोग्राफरनं काढलेला असेल तर पेपरला आणि त्या फोटोग्राफरलाही विचारा.

तीस सेकंद

असा आकडा कायद्यात नाही. शोधून दमाल.

लेखक वारला की मोकळं, नोंदणी नाही तर हक्क नाही

नोंदणी ऐच्छिक आहे. लिहिलं, काढलं, रचलं की हक्क तयार. नोंदणी केली तर कोर्टात पुरावा म्हणून सोपं जातं, एवढंच.

मुदत लेखकाच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं, तीही पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. वि. स. खांडेकर १९७६ ला गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत त्यांचं लेखन आख्खं साइटवर टाकायचं नाही. बाबूराव पेंटर १९५४ ला गेले, त्यांच्या चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली. सिनेमा आणि ध्वनिमुद्रणाचं गणित वेगळं, प्रकाशनानंतर ६० वर्षं. इथं लोक फसतात. एखादी ध्वनिमुद्रिका ६० वर्षांपेक्षा जुनी, म्हणून गाणं मोकळं? मुद्रण मोकळं झालं असेल, पण चाल आणि शब्द यांची मुदत त्या त्या माणसाच्या मृत्यूपासून. सुधीर फडके आपल्या कोल्हापुरात जन्मले, २००२ ला गेले, त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. जगदीश खेबुडकर २०११ ला गेले, त्यांचे शब्द २०७१ अखेरपर्यंत. त्या हक्काचा मालक आज निर्माता आहे, कंपनी आहे का वारस हा पुढचा प्रश्न, मुदत तीच.

मग टाकायचं तरी काय?

हा प्रश्न फॉरवर्डमध्ये नाही, पण राग तिथनंच येतो म्हणून लिहितो. दसरा चौकातला शाहू महाराजांचा पुतळा, बिंदू चौकातले पुतळे, यांचे तुम्ही स्वतः काढलेले फोटो खुशाल लावा, सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाच्या फोटोला कलम ५२ मध्ये स्पष्ट मुभा आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती नाही, आणि ‘कायम’ म्हटल्यावर मंडळाच्या गणपतीचं काय होतं ते वकिलालाच विचारा, मी त्यात पडत नाही. १८८६ चं कोल्हापूर गॅझेटियर पानंच्या पानं टाका. कोर्टाचे निकाल टाका. इतिहासातल्या घटना कोणाच्या मालकीच्या नसतात, सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच सांगितलंय की कल्पना, विषय आणि ऐतिहासिक तथ्यं यांना कॉपीराइट नाही, कॉपीराइट मांडणीला. तांबडा-पांढरा रस्सा कसा करायचा ते तुमच्या शब्दांत लिहा, कोणी अडवणार नाही, दुसऱ्याच्या पानावरचा परिच्छेद आणि ताटाचा फोटो उचलायचा नाही.

फार तर काढायला सांगतील

बहुतेक वेळा तसंच होतं, हे कबूल. पण काढायला सांगणं हे मालकाचं सौजन्य आहे, तुमचा हक्क नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र (म्हणजे वॉरंटशिवाय अटक, आणि जामीन हक्कानं मिळत नाही) ठरवलाय, विषय हार्ड आहे. आणि तक्रार तुमच्याकडं न येता थेट होस्टिंगवाल्याकडं, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर तुमची साइट आहे त्याच्याकडं, गेली तर आपल्या नियमांप्रमाणं त्यानं ३६ तासांत ते पान बंद करायचं असतं. मालकानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो ते परत चालू करू शकतो. तक्रार चुकीची आहे असं वाटत असेल, फोटो खरंच तुमच्या आजोबांचा असेल, तर त्या २१ दिवसांत होस्टिंगवाल्याला पावती, मूळ पुठ्ठा, जे असेल त्याचे फोटो पाठवून लेखी कळवा.