घर गळतंय? मग झुंबर घ्या!

अभिनंदन! गेल्या हंगामात तुमच्या संघाने जेमतेम तीन सामने जिंकले. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगमध्ये, अशा कर्तबगारीला बक्षीस असतं. कॉलेजातून येणारी पोरं निवडायचा ड्राफ्ट सुरू झाला की पहिल्या पंगतीत पान तुमचंच.

तुमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, सदतीस वर्षांचा. त्याच्यापुढे भिंत धरणारे पाच जण, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, ते भिंत कमी आणि दार जास्त. कुणीतरी शहाणा येऊन सांगेल, 'साहेब, आधी भिंत बांधा, छप्पर शाकारा.' त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. भिंतीसमोर कुणी सेल्फी काढतं का? लाइनमधल्या गड्याच्या नावाची जर्सी कुणाच्या पोराने हट्टाने मागितलीय? तुम्ही सरळ रनिंग बॅक घ्या. बगलेत चेंडू मारून पळणारा, चकचकीत, लखलखता. घर गळत असेल तर पहिलं काम झुंबर टांगायचं.

न्यूयॉर्क जायंट्सनी २०१८ साली अगदी हेच केलं. नावाला न्यूयॉर्कचे, पण खेळतात आमच्या न्यू जर्सीत, त्यामुळे हा गृहप्रवेश मी जवळून पाहिलाय. दुसऱ्याच क्रमांकावर त्यांनी सेक्वॉन बार्क्ली उचलला. पोरगा खरंच सोन्यासारखा. ४० यार्ड ४.४० सेकंदांत, २२५ पौंडांचं वजन २९ वेळा. त्याच्या मांड्यांवर लोक असे बोलत होते, जणू त्या वेगळ्या निवडून आल्या होत्या. पहिल्याच वर्षी त्याने पळून आणि झेलून मिळून २,०२८ यार्ड काढले. संघ पाच जिंकला, अकरा हरला. झुंबराचा उजेड मात्र झकास पडला; गळती कुठे कुठे आहे ते स्पष्ट दिसायला लागलं.

याहून हौशी असाल तर १९९९ चे न्यू ऑर्लिन्स सेंट्स आठवा. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. त्यांनी घराचं काम राहू दिलं आणि थेट लग्न लावलं. रिकी विल्यम्स या एका रनिंग बॅकसाठी प्रशिक्षक माइक डिटकांनी त्या वर्षीच्या सगळ्या निवडी देऊन टाकल्या, वर पुढच्या वर्षीची पहिली आणि तिसरी. मग एका मासिकाच्या मुखपृष्ठावर डिटका नवरदेव आणि विल्यम्स पांढऱ्या झग्यात नवरी! हंगामात तीन विजय, तेरा पराभव. नवरी राहिली, नवरदेवाला घालवलं.

कुणी १९९५ चं उदाहरण काढेल. त्या वर्षी पहिल्या क्रमांकाचा रनिंग बॅक की-जाना कार्टर सरावसामन्यात तिसऱ्यांदाच चेंडू घेऊन पळताना गुडघा मोडून बसला, आणि १९६ व्या क्रमांकाचा टेरेल डेव्हिस हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. अशा माणसाशी वाद घालू नका. स्वस्तात मिळालेल्या वस्तूची किंमत आपल्याला कुठे असते?

आता झुंबर वापरायचं कसं ते सांगतो. पहिली चार-पाच वर्षं ठरल्या दरात हवं तितकं पळवा. गुडघा गेला (बार्क्लीचा २०२० मध्ये गेला) तर जोडून घ्या. मोठा करार मागितला तर फ्रँचायझी टॅग, म्हणजे एका वर्षाच्या ठरीव पगाराचा खुंटा, लावून वर्षभर थोपवून धरा. सव्विशी-सत्ताविशी आली की 'वय झालं हो' म्हणून हळहळा आणि जाऊ द्या. जाऊ देताना शेजाऱ्याकडेच जाईल असं बघा. बार्क्ली २०२४ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. तो तिथे गेला तर आपल्याला झोप लागणार नाही, असं जायंट्सचे मालक कॅमेऱ्यासमोर बोलूनही चुकले होते.

फिलाडेल्फियाने त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये शेवटच्या, सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर काय घेतलं होतं माहीत आहे? जॉर्डन मायलाटा. ऑस्ट्रेलियाचा धिप्पाड रग्बीवाला, फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. त्याला त्यांनी भिंतीत चिणला. सहा वर्षांनी आयतं झुंबर आलं तेव्हा टांगायला तुळई तयार होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही पिठलं-भात घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो. बार्क्लीने एकाला हुलकावणी दिली, गिरकी घेतली, आणि खाली वाकलेल्या दुसऱ्याच्या अंगावरून पाठमोरी उडी मारली. मागे न बघता! सौ.चा घास हातातच राहिला.

"अहो, हा आपला ना?"

"होता."

त्या हंगामात नुसतं पळून २,००५ यार्ड. जायंट्सच्या मैदानात येऊन १७६ यार्ड आणि २८-३ अशी धुलाई. वर सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला, तोही अठ्ठाविसाव्या वाढदिवसाच्या दिवशी.

शेवटच्या साखळी सामन्याचं राहिलंच. एका हंगामातल्या धावण्याचा विक्रम मोडायला त्याला १०१ यार्ड हवे होते आणि समोर होते जायंट्स. फिलाडेल्फियाने त्याला विश्रांती दिली. निदान त्या रात्री तरी मालकांना झोप लागायला हरकत नव्हती. पण राखीव गड्यांनीच २०-१३ असा सामना मारला.