‘मेलंय मेलंय काय करतंस गो?’ : गुहागरच्या आजोबांना उत्तर

आजोबा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तशीच उत्तर लिहायला बसले. अर्धं लिहून झालं आणि वीज गेली. बरंच झालं. ते उत्तर फार तिखट होतं, सकाळी मलाच वाचवेना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात राहते, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, आणि मुलं झोपली की मी प्लेस्टेशनवर ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ खेळते. १८९९ सालची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, घोडे, बंदुका. खोक्यावर अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही असा शिक्का. त्यावर आजोबांनी लिहिलं: “बाई, आईनेच पिस्तूल हातात घेतलं तर पोरांनी कोणाकडे बघायचं? आमच्या वेळी रात्र जागवायला नमन-खेळे होते. असले गेम बघून मुलं खुनी होतात हे अमेरिकेत सिद्ध झालंय. मुलं मोठी होईपर्यंत तो डबा माळ्यावर टाका. आणि हेडफोन लावला म्हणजे झालं असं समजू नका.” सगळ्यात शेवटी, जरा वेगळ्या सुरात: “माझा मुलगाही खेळतो. नातू मांडीवर असतो.”

अमेरिकेचं आधी उरकते, कारण तिथे तुमचं चुकतंय. असं काही सिद्ध झालेलं नाही. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने, २०२० साली ठराव करून सांगितलं की हिंसक गेममुळे माणसं प्रत्यक्ष हिंसा करतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. कॅलिफोर्नियाने असे गेम मुलांना विकायला बंदी घालणारा कायदा केला होता, तो त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये रद्द केला. मात्र त्याच ठरावात पुढे असंही आहे की आरडाओरडा, ढकलाढकली असल्या वागण्याशी या गेमचा लहानसा पण पुन्हा पुन्हा दिसणारा संबंध आहे. ते वाक्य गेम खेळणारे लोक सोयीने गाळतात. मीही मूळ लेखात गाळलं होतं. आणखी एक: हे सगळे अभ्यास बहुतेक स्वतः खेळणाऱ्यांचे. आई खेळतेय आणि मूल मागे उभं राहून बघतंय, त्याचं काय, हे मला त्यात सापडलं नाही.

आणि आपला प्रश्न नेमका तोच आहे ना?

आता हेडफोनचं. इथे तुम्ही बरोबर आहात, आणि का बरोबर आहात ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण आमचं घर कौलारू आहे. ओटी, माजघर, बाजूची खोली. मधल्या भिंती वाशांपर्यंत पोचतच नाहीत. एका खोलीत कुजबुजलं तरी ते वरून पलीकडे उतरतं. दारांना पडदे. ‘मुलं झोपल्यावर दार लावून खेळा’ हा सल्ला ज्यांनी दिला त्यांच्या घरांना दारं असावीत. गेमचा आवाज हेडफोनात राहतो हे खरं, पण माझा राहत नाही. एकदा मध्यरात्री डोंगरकड्यावरून खाली कोसळले आणि तोंडातून निघून गेलं, “मेलंय, मेलंय!” पलीकडून सासूबाई कडाडल्या, “रातची मेलंय मेलंय काय करतंस गो? बरां बोल!”

तेव्हा हसले. पुढे जे झालं त्यानंतर ते वाक्य डोक्यातून जाईना.

जानेवारीतली गोष्ट. मुलगा पाणी प्यायला उठला आणि पडद्याशी येऊन उभा राहिला. मला पत्ता नाही. मी हरणाची शिकार करून त्याचं कातडं सोलत होते, आणि हा गेम ते फार सावकाश, फार नीट दाखवतो. त्याचं त्याला काही वाटलं नाही. आमच्याकडे मुलं हे बघतच वाढतात. अंगणात आजी बांगडे साफ करते, हा शेजारी बसून कल्ले मोजतो. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबडा दिला जातो तेव्हाही तो तिथेच असतो. मग मी परत घोड्यावर बसले, वाटेत चार जणांनी गाठलं, गोळीबार झाला आणि माझा घोडा पडला. या गेममध्ये घोडा मेला की मेला. वेळेवर औषध दिलं नाही तर तो परत मिळत नाही, आणि माझ्याकडे औषध नव्हतं. मागून आवाज आला.

“आये, घोडो मेलो काय गो?”

हेडफोन काढला. हो म्हटलं. तो टीव्हीकडे बघत राहिला आणि मग विचारलं, “तुया मारलंस?”

आजोबा, मी ‘नाही’ म्हटलं. ते खरं होतं, त्या चौघांनी मारला होता. पण त्याच्या आधीच्या तासाभरात जी माणसं मारली ती मीच मारली होती, आणि त्याने तो प्रश्न तिथे विचारला असता तर? सिनेमात नट गोळी झाडतो आणि आई पापड खात बघत असते. गेममध्ये बटण आईच्या अंगठ्याखाली असतं. आम्ही खेळणारे बोलतोही तसंच. मी मेले, मी त्याला उडवला, मी बँक लुटली. ‘त्याने’ लुटली असं कोणी म्हणत नाही. मूल जे ऐकतं ते हे ‘मी’. रक्ताचं काय, भारतातल्या मोबाइलवरच्या बीजीएमआय या गोळीबाराच्या गेममध्ये ते हिरवं केलेलं होतं. कॉल ऑफ ड्यूटीच्या काही भागांत सेटिंगमध्ये जाऊन ते कमी करता येतं. पण ‘मी’ बंद करायचं बटण कुठल्याच सेटिंगमध्ये नाही.

म्हणून, “आईनेच पिस्तूल हातात घेतलं तर” हे तुमचं वाक्य मी आधी जुन्या वळणाचा टोमणा समजले होते. बाई आहे म्हणून बोलले, असं. तो भाग त्यात आहेच (बाबाने घेतलं तर लिहिलं असतंत का?), पण त्याच्या आत बरोबर मुद्दा आहे. तो माझ्या मुलाने सहाव्या वर्षी दोन शब्दांत विचारला.

नमन-खेळ्यांचंही तुम्ही चांगलं काढलंत. आमच्याकडे तसली लोकनाटकं म्हणजे दशावतार. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर रात्रभर. मी पाच वर्षांची असताना आईच्या पदराखाली अर्धवट झोपेत बघितलंय. संकासुर हा राक्षस येतो, मालवणीत वात्रट बोलतो, लोक हसून लोळतात, आणि मग देव त्याला मारतो. पुढच्या आख्यानात राक्षस काय, राजे काय, तलवारी काय. पहाटेपर्यंत सात-आठ जण तरी मरतात. कोणी शिक्का लावत नाही की अठरा वर्षांखालच्यांनी येऊ नये. म्हणजे हिंसा बघणं आपल्या मुलांना नवीन नाही. तुम्ही तुमच्या मुद्द्यासाठी दिलेलं उदाहरण खरं तर माझ्या बाजूचं आहे, असं परवाच्या तिखट उत्तरात मी लिहिलं होतं.

पण तिथेही पुरतं तसं नाही. आम्ही मुलं मध्येच उठून रंगपटात डोकावायचो. झावळ्यांच्या आडोशाला मघाचा राक्षस कंदिलाच्या उजेडात विडी ओढत बसलेला असायचा, भुवया अजून काळ्याच, आणि सीतेच्या वेषातला बाप्या त्याच्याकडे काडेपेटी मागत असायचा. सकाळी दहीकाला झाला की तोच राक्षस चहाच्या टपरीवर, गालावर रंग ओघळलेला, भजी खातोय. कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ‘सोंग’ हा शब्द आम्हाला शाळेत जायच्या आधी कळला होता. माझ्या मुलाला मध्यरात्री पडद्याशी उभं राहून रंगपट कुठे दिसणार? त्याला दिसली ती पाठमोरी, कानाला कुलूप लावलेली आई.

त्या रात्री मी त्याला मांडीवर घेऊन तेच सांगितलं, हे सोंग आहे, दशावतारातल्यासारखं. त्याने विचारलं, मग घोडा आता चहा पितोय का? मी हो म्हटलं. हे खोटं की खरं ते तुम्हीच ठरवा.

मग मी काय केलं. डबा माळ्यावर टाकला नाही आणि टाकणार नाही. दिवसभर सगळ्यांचं झाल्यावर रात्रीचा तो दीड तास माझा आहे, आणि त्याबद्दल मला कोणाचीही माफी मागावीशी वाटत नाही, तुमचीही नाही. पण टीव्ही ओटीवरून आतल्या खोलीत हलवला, आणि खुर्ची अशी ठेवली की दाराचा पडदा माझ्या समोर येतो. पाठीमागे आता भिंत आहे. कोणी आलं तर मला आधी दिसतं. नवऱ्याला यात काय मोठं ते कळलं नाही, पण त्या रात्रीपासून मला हाच सगळ्यात उपयोगी बदल वाटलाय. लेखाखाली अनेकांनी पॅरेंटल कंट्रोल लावा म्हणून कळवलं. लावलेलं आहेच, पासवर्डसकट. पण पासवर्ड खेळणाऱ्याला अडवतो. बघणाऱ्याला कसा अडवणार?

शिक्क्यांचंही तसंच. अमेरिकेत १९९३ साली मॉर्टल कॉम्बॅट आणि नाइट ट्रॅप या गेमवरून सिनेटपर्यंत बोंब गेली आणि पुढच्या वर्षी गेमला वयाचे शिक्के देणारं ईएसआरबी हे मंडळ निघालं. युरोपचं पेगी २००३ चं. हे शिक्के मुळात दुकानात खोकं उचलणाऱ्या आई-बापांसाठी. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर आहे, आता तर यूए मध्येही ७, १३, १६ असे वयाचे टप्पे आहेत, पण गेमला आपलं असं मंडळ नाही. खोक्यावर येतो तो परदेशी शिक्का. आणि आमच्या घरात तर गेम खोक्यातून येतच नाही, चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या पुतण्याच्या बॅगेतून येतो.

चतुर्थीचं आठवलं म्हणून. मागच्या वर्षी आरती झाल्यावर मी मोदकांची भांडी घासत होते आणि ओटीवर पुतण्याने माझाच गेम लावला. समोर चटईवर ओळीने आठ मुलं, सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं, हातात प्रसादाचा द्रोण. पुतण्या रस्त्यावरच्या कुणाही माणसाला गोळ्या घालत होता, उगाच, आणि मुलं प्रत्येक वेळी एकसुरात “आजून एक!” म्हणत होती. मी तीन महिने खेळत होते, पण हा गेम असा दिसतो हे मला त्या दिवशी दिसलं. मी उगाच मारत नाही. उगाच मारलं तर त्या गेममध्ये तुमची पत घसरते, लोक वेगळे वागतात. पण हे चटईवरच्या कोणाला माहीत असणार? बंद केला. पुतण्या दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मुलासाठी एक सवलत दिली आहे आणि ती तुम्हाला आवडणार नाही. रविवारी सकाळी पंधरा मिनिटं तो माझ्या शेजारी बसतो आणि आम्ही नुसते घोड्यावरून फिरतो. बंदूक काढायची नाही. डोंगर बघायचे, पाऊस बघायचा, नदीत घोडा धुवायचा. तीन रविवार मजेत गेले. चौथ्या रविवारी वळणावर दरोडेखोर आले, ते काय माझा नियम वाचून येत नाहीत. मी थांबवायचं बटण दाबलं. तो म्हणाला, “पळ गो आये, पळ!” म्हणून परत सुरू केला आणि पळाले. वाचलो. पण पुढच्या वेळी वाचू याची खात्री नाही, आणि तेव्हा मी काय करणार हे मी ठरवलेलं नाही. व्यवस्था अर्धीच आहे, कबूल.

मुलीचं वेगळं प्रकरण आहे. तिला माझा गेम कंटाळवाणा वाटतो. एवढ्यावर मी तो विषय सोडते.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. मला वाटतं, बाकीची प्रतिक्रिया मला होती आणि ती ओळ तुमच्या मुलाला.

नातू मांडीवर बसण्याएवढा आहे म्हणजे दोन-अडीच वर्षांचा धरते. त्या वयाला सोंग कळत नाही, घोडा चहा पितो हेही सांगून उपयोग नाही. तिथे माझ्याकडे कसलीही मधली वाट नाही. मांडीवर मूल असताना हा गेम नको, बस. पण मुलाला माळ्याचं सांगू नका. मला सांगितलंत तेव्हा मी काय केलं ते वर लिहिलंय. त्यापेक्षा एकदा त्याच्या शेजारी बसा आणि विचारा हा माणूस कोण, कुठे चाललाय, त्याला कशाला मारलंस. उत्तर द्यायला लागला की अर्धा तास सहज जाईल. आमचे सासरे तसेच बसले होते एकदा, आणि आता ते मला विचारतात की त्या टोळीतला तो म्हातारा जिवंत आहे का.

आणि तो खेळायला कधी बसतो ते बघून ठेवा. संध्याकाळी बसत असेल तर तेवढा वेळ नातवाला घेऊन किनाऱ्यावर जा. तुमच्या गुहागरला समुद्र दारातच आहे, आमच्यासारखी दोन घाट्या उतरून जायची कटकट नाही. मुलाला काही बोलू नका, नुसतं “ह्याला घेऊन जातो, तू खेळ” म्हणा. काय म्हणतो ते मला कळवा.

नव्या घोड्याचं नाव मुलाने ठेवलंय, संक्या. संकासुरासारखा काळा आहे म्हणून.