झाकली मूठ आणि साक्ष

काका, सलाम.

'स्मृतिचित्रे'वरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ख्रिस्ती बाईच्या आत्मचरित्रात प्रभूचा गौरव दिसायला हवा. लक्ष्मीबाई टिळकांनी मात्र नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, संताप, घरातली ओढगस्त, स्वतःचं सोवळंओवळं, अशी घरची लक्तरं वेशीवर टांगली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही तुम्ही म्हणता.

मला हे अजिबात पटत नाही.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. त्या पुस्तकाचा जीव मला या मधल्या पाच वर्षांत दिसतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून ही बाई आकांत करते, पंढरपूरला बहिणीकडे राहते, पुढे नवऱ्याजवळ आल्यावरही आपलं सोवळं सांभाळते. दुसऱ्याच्या हातचं पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही. मग एक दिवस ती स्वतःच्या डोक्याने विचार करते, की या जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर सापडल्यावर ती कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होते. आधी तिची जात गेली आणि ख्रिस्त त्यानंतर आला. आता ती शिवाशिवीची पानं फाडून टाका आणि पाहा काय उरतं. नवरा गेला त्या वाटेने मागोमाग गेलेली बायको, एवढंच. मग तिचा विश्वास तिचा स्वतःचा होता, हे आपण कशाच्या जोरावर म्हणणार?

पंडिता रमाबाईंनीही १९०७ सालच्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवाच्या जाहीर निवेदनात, असंच काही कबूल केलंय. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांनी स्वतःच लिहिलं. तेव्हा त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या प्रमुख होत्या. मूठ झाकायला त्यांच्याकडे कारणं कमी नव्हती.

तुमचा एक मुद्दा मात्र मला टोचला. टिळक १९१९ मध्ये वारले आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ मध्ये. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याविषयी लिहिणं न्याय्य का? यावर मी बराच विचार केला. लक्ष्मीबाई स्वतःला सूट देत असत्या, तर मी तुमच्या बाजूला आले असते. पण त्या टिळकांचा राग सांगतात तसाच आपला हट्टही सांगतात, आणि त्या माणसावरचं त्यांचं प्रेम तर पानोपानी दिसतं.

आता माझं सांगते. बाविसाव्या वर्षी महिला मंडळात मी पहिली साक्ष दिली. आधीचे तीन महिने माझ्याच्याने प्रार्थना होत नव्हती. बायबल उशाशी असायचं, उघडलं जायचं नाही. ते मी गाळलं. "प्रभूने मला एक दिवसही सोडलं नाही," एवढंच म्हणाले. उपासना संपल्यावर एक मावशी जवळ आल्या. हातातला रुमाल पिळून पिळून त्यांनी त्याची दोरी केली होती. "तुझं बरं आहे गं बाई," म्हणाल्या, आणि निघून गेल्या. त्या काहीतरी बोलायला आल्या होत्या. माझ्या गुळगुळीत साक्षीने त्यांचं तोंड बंद केलं. ते मला आजही छळतं.

आणि काका, येशूचा शिष्य पेत्र याने येशूला नाकारलं, ते चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, आहे. पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा एवढा मोठा पुढारी, कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणाला. लिहिणाऱ्यांना ते सहज गाळता आलं असतं, पण चौघांपैकी एकानेही गाळलं नाही.

एक विनंती करू? १८९५ नंतरची पानं पुन्हा एकदा सावकाश वाचा, जमलं तर काकूंना मोठ्याने वाचून दाखवा. मग त्या काय म्हणतात, तेही मला कळवा.