लाल बल्बनं कोंबडी आंधळी होत नाही, भावा

पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'लाल बल्बनं कोंबड्या आंधळ्या होतात. कोंबडीला रंग कळतच नाही, म्हणून निळा बल्ब लावा, चोवीस तास चालू ठेवा, डोळे आणि वजन दोन्ही सुधारतं.' हातकणंगल्याच्या दोन शेडवाल्यांनी मलाच तो पाठवला.

रंग कळत नसेल तर बल्ब बदलायचा कशाला? रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, कोंबडीच्या चार. आपल्याला न दिसणारे थोडे अतिनील किरणही तिला दिसतात.

लाल उजेडाबद्दल मेसेजात चिमूटभर खरं आहे. प्रयोगात पिल्लं नुसत्या लाल उजेडात वाढवली तेव्हा नेत्रगोल लांबट होऊन नजर जवळची झाली, निळ्यात उलटं झालं. पण उजेड बदलल्यावर फरक उलटा फिरला. याला आंधळेपण म्हणत नाहीत. शिवाय आपल्याकडची शेडं दोन्ही बाजूंनी जाळीची, दिवसा ऊन आत येतंच. लेअरवाल्यांनी, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी, तर लाल बल्ब काढायची घाई करू नये. लाल किरण कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतात आणि तिथूनच अंडं घालण्याची चालना मिळते. म्हणून तर आंधळी कोंबडीही अंडी देते!

निळा बल्ब पक्षी शांत ठेवतो, विक्रीसाठी पक्षी पकडायच्या रात्री कामाला येतो. औषध नव्हे.

खरा घात 'चोवीस तास' या शब्दांत आहे. अंधार मिळालाच नाही तर पिल्लाचा डोळा सुजल्यासारखा मोठा होतो, पुढचा पारदर्शक पडदा चपटा पडतो, नजर बिघडते. बल्ब कुठल्याही रंगाचा असो. उलट फार मिणमिणत्या उजेडातही डोळ्याचं वजन वाढतं. युरोपनं 2007 मध्ये ब्रॉयलरसाठी (मांसाच्या कोंबड्या) नियमच केला: उजेड किमान 20 लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि दिवसाला 6 तास अंधार, त्यातले 4 सलग.

मग पिल्लांच्या डोळ्यांतून पाणी गळतं कशानं? एकाच पक्ष्याचं तोंड सुजलं असेल तर डॉक्टरला दाखवा. पण अख्खी बॅच डोळे मिटून बसली असेल तर आधी गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भाताच्या तुसाचा थर, बघा. गेल्या आषाढात पाहुण्यांनी मेसेज वाचून निळे बल्ब लावले. आठवडाभर पाऊस, पडदे खालपर्यंत बंद, तूस ओलं गच्च. पिल्लं पंखाला डोळे घासत होती. उभ्यानं वास जाणवेना, शेडवाल्याचं नाक सरावलेलं असतं. मी गुडघ्यावर बसून नाक पिल्लाच्या उंचीला नेलं, तर माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. अमोनिया, ओल्या विष्ठेतून सुटणारा झोंबरा वायू! पडदे वरून वीतभर उघडले, ओली गादी उपसली, कोरडं तूस पसरलं. पाहुणे वर चुना मारायला निघाले होते, त्यांना थांबवलं. ओल्या गादीवर चुना पडला की अमोनिया आणखी सुटतो.