कशेळीच्या हत्तीत रांगोळी भरायची नसते

परवा रात्री बदलापूरहून आत्याचा फोन आला. दिवाळीच्या सुट्टीत बारा जण राजापूरला येणार आहेत. "तू फक्त दोन किलो पांढरी रांगोळी आणून ठेव. कशेळीच्या हत्तीत भरायची आहे, फोटो छान येतो म्हणे." कशेळीचा हत्ती म्हणजे तिथल्या उघड्या कातळावर कोरलेलं प्रचंड चित्र.

हे 'म्हणे' कुठून आलं विचारलं, तर तिने मेसेज पाठवला: 'आयुष्यात एकदा तरी पाहावीत अशी कोकणातली सात आश्चर्यं – शाळेत न शिकवलेली माहिती'. याआधी तीन ग्रुपवर तो दिसला होता, तेव्हा सोडून दिला. आता घरचीच माणसं त्याच्या भरवशावर सहल आखायला लागली म्हटल्यावर कसा सोडणार?

पहिला मुद्दा असा: रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पं परग्रहावरून आलेल्यांनी विमानं उतरवण्यासाठी खोदली, कारण वरून बघितल्याशिवाय एवढी मोठी चित्रं माणसाला जमणारच नाहीत. युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून जाहीर केली आहेत. गाडी थेट चित्रापर्यंत जाते. सोबत रांगोळी किंवा चुना न्या, रेषांत भरा आणि ड्रोनने फोटो काढा.

कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती कोरलेल्या आहेत. मोठा आहे हे खरंच. पण वरून बघितल्याशिवाय मोठी आकृती काढता येत नाही, हे आत्याने मान्य करावं याचं मला वाईट वाटलं. आजी तुळशीच्या लग्नाला अख्खं खळं भरून रांगोळी काढायची. उकिडवी बसून, मागे सरकत सरकत, एकदाही उंचावर न चढता. ठिपके मोजून घेतले, दोरीने अंतर धरलं की हात चुकत नाही. आत्या तेव्हा तिच्या शेजारी बसून ठिपके द्यायची.

आणि ही चित्रं कसली आहेत ते तरी बघा. हत्ती, गेंडा, वाघ, हरणं, कासव, मासे, माणसांच्या आकृती. आजूबाजूला जे दिसत होतं आणि ज्याची शिकार होत होती, ते माणसाने दगडावर उतरवलं. शेतीची खूण त्यांत दिसत नाही, म्हणून ही शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या लोकांची कामं असावीत असं पुरातत्त्वाचे अभ्यासक मानतात. काळाचा अंदाज दहा हजार वर्षांच्या आसपास सांगतात, त्यावर अभ्यास चालू आहे. गेंडा आज कोकणात कुठेच नाही. कोरणाऱ्याने तो पाहिला होता, तर तेव्हाचं इथलं रान कसं असेल? एवढा मोठा प्रश्न समोर असताना विमानतळाच्या गप्पा कशाला हव्यात?

ही चित्रं आज आपल्याला माहीत आहेत ती रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या माणसांमुळे. ते गावोगाव फिरले, गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत सडे तुडवले. काही ठिकाणी गावकऱ्यांना चित्रं आधीपासून ठाऊक होती, कुठे त्यांना मानही होता. हे सगळं श्रेय परग्रहावर पाठवून द्यायला आपल्याला काहीच वाटत नाही.

युनेस्कोचं अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकते. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ ठिकाणांची नोंद संभाव्य यादीत झाली. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसायमाळ गोव्यातलं. संभाव्य यादी म्हणजे उमेदवारी. निवड व्हायची आहे, आणि तोवर ती चित्रं शाबूत राहायला हवीत. देवाच्या गोठण्याला होकायंत्राची सुई चुकते, असंही मेसेजमध्ये आहे. तेही खरं. पण सड्यांचा दगड जांभा, आणि जांभ्यात लोखंडाचा अंश असतो. दगडातलं चुंबकत्व सुई हलवतं, त्यासाठी यान उतरावं लागत नाही.

आता रांगोळी. जांभा हा भोकाभोकांचा दगड आहे. खाणीतून ताजा काढला की करवतीने चिरा कापता येतो, हवा लागली की कठीण होतो, पण काळ्या पाषाणासारखा कधीच होत नाही. त्यातल्या कोरीव रेषा काही ठिकाणी बोटभरसुद्धा खोल नाहीत. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड. ती भरायची म्हणजे आधी खराटा मारून रेष साफ करणार, मग हाताने दाबणार, फोटो झाला की पुन्हा झाडणार. प्रत्येक वेळी कडा थोडी झिजणार. जी पूड भोकांत अडकेल ती पावसात भिजून तिथेच बसणार. कोरताना हत्यार कसं चाललं, दगडाचा वरचा थर किती जुना, हे उद्या कुणाला तपासायचं असेल, तर त्याच्या हाती आपली रांगोळी लागणार. चुना तर त्याहून वाईट. एका कुटुंबाने केलं तर काय बिघडतं, असं आत्या म्हणाली. मेसेज एका कुटुंबाला गेलेला नाही ना!

गाडीचंही तेच. सडा मोकळा दिसतो म्हणून चाक कुठेही घालू नये. आधीच सड्यांवर चिरेखाणी आहेत, रस्ते झाले आहेत, कलमं लावायला कातळात सुरुंगाचे खड्डे काढले जातात. कुठली आकृती कुठे मातीखाली आहे हे वरून कळत नाही. गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत या.

दुसरा मुद्दा विजयदुर्गाचा. '१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रजाने विजयदुर्गावरून सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला, गडावरचे साहेबाचे ओटे त्याचा पुरावा.' (ओटे म्हणजे साहेबाने ग्रहण बघायला वापरले म्हणून दाखवतात ते चौथरे.) हा दावा इतका पसरला आहे की माझ्या भाचीने शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तो ठोकून दिला आणि तिला बक्षीसही मिळालं. त्यामुळे इथे मी थोडी थांबणार आहे.

त्या दिवशी खग्रास ग्रहण होतं, हे बरोबर. पण त्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशाचं त्याने पृथक्करण केलं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या ज्वाळा पाहता येतात हे दाखवलं. लॉकियरने तेच इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवाय, २० ऑक्टोबर १८६८ रोजी साधलं. दोघांची पत्रं फ्रेंच विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या प्रकाशात सोडियमच्या रेषांजवळ दिसलेली पिवळी रेष कुठल्याच माहीत मूलद्रव्याची नाही, हे लॉकियरने पुढे मांडलं आणि ग्रीक सूर्यदेव हेलिओसवरून नाव आलं. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झीला, युरेनियमच्या एका खनिजात. शिवाय ऑगस्टमधलं कोकणचं आभाळ ज्याने पाहिलंय, त्याला विजयदुर्गावर ऑगस्टात सूर्य बघायला बसलेला साहेब पटायलाच नको होता.

मग ओटे? लॉकियर विजयदुर्गावर आला होता, हे मान्य. पण तीस वर्षांनंतर, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यात छावणी पडली, मेल्पोमिनी या युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. हा तर्क नाही. लॉकियर आणि त्याच्या सहकाऱ्यांचा निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापलेला आहे, आणि त्याच्या शीर्षकातच २२ जानेवारी १८९८ ही तारीख आणि व्हिझियाद्रुग, म्हणजे विजयदुर्ग, हे नाव आहे. तेव्हा ओट्यांशी लॉकियरचं नाव जोडायचं तर १८९८ हेच साल जोडावं लागतं, आणि तोपर्यंत हेलियम प्रयोगशाळेत पोचून तीन वर्षं झाली होती. दोन ग्रहणं एकत्र कालवली आणि शोध गडावर आणून बसवला. अलीकडे १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन करतात. खुशाल करावा. पण तिथे मुलांना जान्सन आणि गुंटूर सांगा, आणि १८९८ ची छावणीही सांगा. जगातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाने ग्रहण बघायला आपला गड निवडला, एवढ्याने विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. भाचीला मी हे सगळं लिहून दिलं आहे.

बाकीचं झटपट. जंजिरा महाराजांनी बांधला आणि तो युनेस्कोच्या यादीत आहे, ही दोन्ही विधानं चूक. जंजिरा सिद्दीचा. त्याला शह द्यायला महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला, आणि मालवणला कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात कोकणातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत.

घारापुरी पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणे. ती लेणी सहाव्या शतकाच्या सुमाराची. महेशमूर्ती सहा मीटरच्या आसपास उंच आहे. तिच्यापुढे उभं राहिलं की किती हात आणि किती वर्षं लागली असतील तेच मनात येतं. 'एका रात्रीत' म्हटलं की ते सगळे कारागीर पुसले जातात.

वेळासला कासवाची पिल्लं हातात घेऊन समुद्रात सोडा, हे लिहिणाऱ्याचा मला खरंच राग आला. ऑलिव्ह रिडले कासवाला वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. पिल्लाने वाळूवरून स्वतः चालत पाण्यात जायचं असतं. आपण दोरीबाहेर उभं राहून बघायचं. आणि दिवाळीत तिथे पिल्लं नसतातच, ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात. वेळास मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. राजापुराहून सहज जाऊन येण्यासारखं नाही.

राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधून प्रकट होणारे झरे, 'दर तीन वर्षांनी ठरल्या तारखेला' येत नाही. येते साधारण तीन वर्षांनी, पण कधी लवकर, कधी उशिरा. तारीख धरून गाडी ठरवू नका. सातवा मुद्दा पावसाळ्यातल्या मार्लेश्वरच्या धबधब्याचा आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही.

आत्या, कशेळीला मी घेऊन जाईन. दुपारी मात्र नाही, तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि रेषा दिसत नाहीत. आधी गावातल्या कनकादित्याचं, म्हणजे सूर्यदेवाचं, दर्शन घेऊ. उन्हं कलली की सड्यावर चालत जायचं, चपला काढून कडेला उभं राहायचं. तिरपा उजेड पडला की सावली आपसूक रेषांत भरते, आणि हत्ती सोंडेपासून पायापर्यंत दिसायला लागतो. तेव्हा काढ फोटो.