‘चहा नको, कॉफी चालेल’

पुण्यात पाहुणा ‘चहा नको, कॉफी चालेल’ असं म्हणतो तेव्हा आपण यजमानांचा त्रास वाचवतोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. मला अशा पाहुण्याला फिल्टरसमोर, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांच्या दाक्षिणात्य कॉफीपात्रासमोर, खुर्ची टाकून बसवावंसं वाटतं.

तळाला भोकं असलेल्या वरच्या भांड्यात 20 ग्रॅम कॉफीची पूड, म्हणजे शिगोशीग तीन मोठे चमचे. त्यावर चकती अलगद ठेवायची आणि नुकतं उकळलेलं 120 मिलिलिटर पाणी कडेकडेने सोडायचं. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा फार करपण्याची भीती नको. मग पंधरा-वीस मिनिटं खालच्या भांड्यात पडणाऱ्या डिकॉक्शनची, म्हणजे कॉफीच्या अर्काची, ठिबक बघायची. घाईत चकती दाबली की पूड घट्ट बसते आणि पाणी वरच तुंबतं. पूड बारीक असली तर पृष्ठफळ वाढून अर्क लवकर सुटतो खरा, पण भोकंही तीच बुजवते. जाड असली तर पाणी भराभर उतरतं आणि हाती येतं ते पिंगट पाणी.

सगळं नीट करूनही ठिबक थांबते, त्याचं कारण वेगळं. भांडी एकमेकांत घट्ट बसली की खालची हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला वाट नसते आणि ती वरच्या थेंबांना अडवून धरते. फिल्टरला चापट्या मारणं हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय. त्यापेक्षा वरचं भांडं कणभर उचलून परत ठेवावं.

गंमत म्हणजे कॅफीनला एवढ्या गरम पाण्याची गरजच नसते. 25 अंशांच्या 100 मिलिलिटर पाण्यात ते 2 ग्रॅम विरघळतं, आणि आपल्या चिकोरीवाल्या (म्हणजे चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची भुकटी मिसळलेल्या) पुडीत ते अर्धा ग्रॅमसुद्धा नसतं. आच लागते ती चव आणि वास लवकर उतरावा म्हणून.

मग दूध. ताज्या दुधाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) 6.7 च्या आसपास, कॉफीचा 5 च्या. दुधातलं केसीन हे प्रथिन 4.6 ला पुरतं साकळतं. ताजं दूध कॉफीचा आंबटपणा पचवतं. कालच्या पिशवीतलं आधीच थोडं उतरलेलं असतं. त्यात उकळतं डिकॉक्शन पडलं की कपात पनीर तरंगतं. बोअरच्या जड पाण्याची तऱ्हा उलटी: त्यातले बायकार्बोनेट आम्ल मारतात आणि कॉफी मचूळ लागते. टँकरवाल्या सोसायट्यांनी पिण्याचंच पाणी घ्यावं.

‘जास्त उकळा, कॅफीन उडून जाईल’ असा सल्ला देणारे एक काका प्रत्येक घरात असतात. कॅफीनला उडून जायला 178 अंश लागतात, आणि तेवढी पाण्याची ऐपत नाही. उडतो तो वास. शिवाय कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लं फुटून डिकॉक्शन कडवट-आंबट होतं, ते वेगळंच.

शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. रात्री नऊला ‘कॉफी चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी चिकोरी जास्त असलेली पूड वेगळी ठेवावी. चिकोरीत कॅफीन नसतंच. पाहुण्यांना हे सांगत बसायची गरज नाही.