बंद पंखा फिरतो तेव्हा

आपल्याकडे चक्कर आलेल्या माणसाचं निदान डॉक्टरांच्या आधी चारजण करून मोकळे होतात. सासूबाईंच्या मते पित्त, शेजारच्या काकांच्या मते बीपी, ऑफिसातल्यांच्या मते मानेचा मणका. एकजण कांदा फोडून नाकाशी धरतो. कानाचं नाव कुणी काढत नाही, कारण कान दुखत नसतो.

मला गंमत वाटते ती याचीच. ठणका, पू हे बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानाचे उद्योग. आतला कान बिघडला की ठणकत नाही, सरळ घर फिरवतो. तिथे शंखासारख्या नळीकडे ऐकण्याचं खातं आणि तीन अर्धवर्तुळाकार नलिकांकडे तोलाचं. सर्दी-फ्लूच्या पाठोपाठ विषाणूने एका बाजूला सूज आणली की दोन कानांचे निरोप जुळत नाहीत. बंद पंखा फिरतो, उलट्या होतात, चालताना माणूस आजारी कानाकडे कलतो. बुबुळं आडवी उडतात, झटका निरोगी कानाच्या दिशेने. कांदा बाजूला ठेवून मोबाइलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तो जास्त उपयोगी.

मग घड्याळ. कूस बदलताच गरगरलं आणि मिनिटाच्या आत थांबलं, तर बहुधा संसर्ग नाही. कॅल्शियम कार्बोनेटचे कण नलिकेत शिरलेत. निपचित पडूनही दिवसभर फिरत राहिलं, तर आतल्या कानाच्या सुजेचा संशय घ्या. ऐकू नीट येत असेल तर नुसती तोलाची नस सुजलेली. कमी येत असेल, शिट्टी वाजत असेल, तर ऐकण्याचा भागही सुजेत सापडलाय. कानाशी बोटं चोळून दोन्ही बाजू ताडून पाहता येतात. (‘माझं ऐकू येतं का?’ असं मात्र नवरा-बायकोने एकमेकांना विचारू नये. जुनी प्रकरणं निघतात.)

कोमट तेलाची वाटी आली तर परत पाठवा. ते पडद्यापाशीच थांबतं, आणि पडद्याला भोक असलं तर मधल्या कानाचं नवं दुखणं पदरात.

बोलणं जड, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं, हातपाय लुळे, धरूनही उभं राहता न येणं, यातलं काहीही दिसलं तर चर्चा बंद, 108. ऐकू येणंच अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या डॉक्टर दोन-तीन दिवसच देतात. पुढे त्या मेंदूला नवा तोल शिकू देत नाहीत. नंतर भिंत धरून चालायचं, मान हळूहळू डावी-उजवी करायची. नेमके तेव्हाच ‘अजिबात उठू नकोस’ म्हणणारे नारळपाणी घेऊन येतात. नारळपाणी ठेवून घ्यावं आणि त्यांना दारापर्यंत पोचवायला आपणच उठावं. तेवढाच व्यायाम.